तेहतीसशेचा मासेमारीचा रॉड-रीळ सेट: आठ महिन्यांनंतर

आधी किंमत सांगून टाकतो, कारण आमच्या घरात अजून चर्चा तिचीच चालते. रीळ १,८५० रुपये, रॉड १,४५०, एकूण ३,३००. घेतला ऑगस्ट २०२५ मध्ये. आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाचे रोट नुकतेच संपलेले, घरात श्रावण, म्हणजे मासा शिजायचा प्रश्नच नाही. त्यात माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. पावसाळ्यात शेतकऱ्याची मोटार विहिरीत निवांत पडलेली असते. ती जळत नाही, आणि ती जळली नाही की आमच्या गल्ल्यात खडखडाट. नेमक्या अशा महिन्यात हा बॉक्स घरी आला. बायको काही बोलली नाही. खर्चाच्या वहीत नवं पान काढलं आणि वर ठसठशीत लिहिलं, 'मासेमारी'. बोलली असती तर परवडलं असतं.

पुढे २२ सप्टेंबरपासून गळ-काठीच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ही बातमी तिनेच वाचली, मोबाईलवर आकडेमोड केली आणि त्याच पानावर लाल शाईने टाकलं: 'घाईचे २०६ रुपये'. हिशोब बरोबर आहे, मी तपासला.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच साच्यातलं रीळ तीन-चार नावांनी विकताना मी स्वतः पाहिलंय, रंग फक्त वेगळा. आपण वस्तूबद्दल बोलू. ४००० साइजचं स्पिनिंग रीळ, गिअर रेशो ५.२:१, म्हणजे हँडल एकदा फिरवलं की पुढचा, दोरी गुंडाळणारा रोटर पाच वेळा आणि वर थोडा फिरतो. रॉड आठ फुटी, फायबरग्लासचा, टेलिस्कोपिक. मिटवला की मोटारसायकलला आडवा बांधता येतो.

याआधी मी हातगळवाला. बाटलीला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळायचा, पुढे शिसं आणि गळ, गोल फिरवून फेकायचा आणि दोरी बोटावर धरून बसायचं. तापीकाठी भोई वस्तीतले एक आप्पा अजून तसेच बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी रिळाचं हँडल दोनदा फिरवून पाहिलं.

"भो, हाई मशीन कितलाले लिधं?"

"तेहतीसशे, आप्पा."

"तितलामा तं बकरीनं पिलू ई जातं."

आणि परत बाटलीकडे वळले. त्या दिवशी त्यांना तीन मृगळ लागले, मला एक चिलापी, तळहाताएवढी.

आता मुद्द्याचं. फेक किती जाते, तर हातगळाच्या दुप्पट आरामात. पण ते स्पूल, म्हणजे रिळातली दोरी गुंडाळायची चकती, नीट भरलं असेल तरच. दुकानदाराने तंगूस भरून दिला होता अर्धामुर्धा. स्पूलच्या काठाखाली बोटभर जागा रिकामी, त्यामुळे प्रत्येक फेकीला दोरी काठावर घासून अडखळायची. मी दोन महिने रिळाला शिव्या घातल्या. मग जुन्या तंगूसाचा थर खाली देऊन काठापासून दोन-तीन मिलिमीटर राहीपर्यंत भरलं, आणि त्याच रिळाने तोच शिशाचा गोळा पार पलीकडे जाऊन पडला. उलटं, काठोकाठ भरलं की एका फेकीत सगळी वेटोळी एकदम सुटतात. तो गुंता सोडवण्यात सावळद्याच्या पुलाजवळ माझा एक आख्खा रविवार गेला.

ड्रॅग ही खरी या वस्तूची कमाई. हातगळात मोठा मासा ओढायला लागला की ढील आपल्या बोटांनी द्यायची, बोटं कापायची. रिळात ते काम स्पूलवरची चकरी करते. मी कांदे तोलायचा हुकाचा काटा दोरीला बांधून ड्रॅग लावतो. ०.३५ मिलिमीटरचा तंगूस, त्याच्या विकतच्या रिळावर आठ किलोची ताकद छापलेली. त्याच्या चौथ्या हिश्शाला, म्हणजे दोन किलोच्या आसपास ओढ आली की स्पूल फिरायला हवं. नवखा माणूस हमखास चकरी घट्ट आवळून ठेवतो. मीही ठेवली होती, पहिला बरा मासा तसाच गेला. घरी आल्यावर ड्रॅग ढिला करून ठेवायचा, नाहीतर आतल्या फेल्टच्या चकत्या दबून बसतात.

डिसेंबरात थंडी चांगली पडली होती, सकाळी पाण्यावर धूर. ढेपेचा (पेंडीचा) गोळा टाकून चहा ओततच होतो तर ड्रॅग किर्रर्र करून ओरडला. आठ महिन्यांत मला आवडलेला आवाज तेवढाच. रोहूने पंधरावीस मीटर दोरी नेली, थांबला, परत नेली. मी फक्त रॉड उभा धरला होता. पंधरा मिनिटांनी काठाला आला, तीन किलो दोनशे. हातगळावर हा माझ्याच्याने निघाला नसता.

पण दुसऱ्याच रविवारी त्याहून मोठा काहीतरी लागला आणि सुटला. दोरीचं टोक हातात घेऊन पाहिलं. तुटलेली दोरी साफ असते किंवा घासून पांढरी पडलेली असते. हे टोक स्प्रिंगसारखं कुरळं झालेलं, म्हणजे गाठ सरकली होती. गाठ आवळताना थुंकी लावायची विसरलो होतो. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथेच कमजोर होतो. वाइंडिंगच्या तारेचं इनॅमल खरवडलं की काय होतं हे रोज गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा माणूस मी! तेहतीसशेचा सेट, आणि मासा गेला फुकटच्या थुंकीपायी. घरी ही गोष्ट सांगितली नाही.

आता रीळ उघडल्याची गोष्ट. बॉक्सवर लिहिलंय ५+१ बेअरिंग. जानेवारीत हँडल फिरवताना आतून रेती दळल्यासारखा आवाज यायला लागला. बेअरिंगचा आवाज आमच्या कानाला कळतो, आयुष्य त्यातच गेलं. स्वयंपाकघरात खाली पेपर अंथरला, स्क्रू काढून ओळीने मांडले (ओळ मोडायची नाही, नाहीतर शेवटी एक वॉशर उरतो), आणि कव्हर उघडलं. बॉल बेअरिंग निघाली तीन. बाकी दोन ठिकाणी प्लॅस्टिकचे बुश. '+१' म्हणजे उलटं फिरू न देणारा रोलर क्लच, तो मात्र होता. मोठा गिअर जस्ताच्या मिश्रधातूचा, पिनियन पितळी. ग्रीस होतं मुगाच्या दाण्याएवढं, तेही एका कोपऱ्यात वाळून बसलेलं, आणि दातांत तापीची बारीक रेती. बायको भाकरी थापत होती. वळून बघत म्हणाली, "यालाच का तेहतीसशे?"

रॉकेलमध्ये धुतलं, दुकानातलं लिथियम ग्रीस गिअरला दिलं, दोरी जिथून वळते त्या लहान चाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. रोलर क्लचला ग्रीस लावायचं नाही, तो घसरायला लागतो आणि हँडल उलटं पळतं. प्लॅस्टिकच्या बुशच्या जागी मापाची बेअरिंग मिळाली, दोन्ही मिळून नव्वद रुपये. तेव्हापासून लोण्यासारखं फिरतंय. म्हणजे कंपनीने नव्वद रुपये वाचवले आणि बॉक्सवर खोटं छापलं. माझा राग खोट्यावर जास्त आहे.

बेलची, म्हणजे दोरी अडवणाऱ्या तारेच्या कमानीची स्प्रिंग फेब्रुवारीत तुटली. वॉरंटी वर्षाची. विकणाऱ्याला फोन केला तर, आख्खं रीळ तुमच्या खर्चाने कुरिअर करा, दीड महिना लागेल, स्प्रिंग वॉरंटीत बसते की नाही ते बघून सांगू. मी भंगारातल्या एका स्टार्टरची स्प्रिंग कापून बसवली. थोडी कडक आहे, कमान ठाप्प करून बसते. ज्याच्या घरी असलं भंगार नाही त्याने वॉरंटीच्या भरवशावर घेऊ नये.

रॉडबद्दल थोडक्यात. फायबरग्लास जड आहे, संध्याकाळपर्यंत मनगट दुखतं. दुकानदार पाचशे रुपये वाढवून कार्बनचा देत होता, हलका, टोकाला नाजूक. मी घेतला नाही, आणि तो पैशाचा प्रश्न नव्हता. कार्बनमधून वीज जाते. आपल्याकडे नदीकाठाला, पाटाच्या कडेने, पंपांसाठी ११ केव्हीच्या तारा झोळ खात गेलेल्या. आठ-दहा फुटांची कार्बनची काठी खांद्यावर उभी घेऊन त्याखालून माणूस बोलत बोलत चालतो. मोटारवाल्याला हे डोळ्यांसमोर दिसतं. ओल्या फायबरग्लासचाही मी भरवसा धरत नाही, तारेखालून जाताना रॉड मिटवूनच. आभाळ गडगडलं तर सरळ घरी.

टेलिस्कोपिक रॉडचा एक त्रास म्हणजे सांध्यांत रेती जाऊन तो अडकतो. जोर लावून ओढू नका. दोन्ही हातांनी धरून हलकासा पीळ द्या. घरी आल्यावर फडक्याने पुसून उघडाच सुकवा. एप्रिलच्या उन्हात गाडीवर तापत ठेवलात तर सांधे असे चिकटतात की विचारू नका.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण परीक्षण वाचून कोणी थेट नदीवर निघेल. पावसाळ्यात वरून पाणी सोडतात. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, त्यातले थोडे जरी उघडले तरी खाली तापी चढते, आणि चढताना आवाज करत नाही. सप्टेंबरात माझी चप्पल आणि ढेपेचा डबा असाच गेला. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजच्या, म्हणजे तापीवरच्या बंधाऱ्यांच्या, दरवाज्यांजवळ तर फिरकूच नका. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा आधी त्यांच्या माणसाला विचारा. मला, गळ टाका पण जाळं आणू नका, असं सांगितलं. ते योग्यच आहे, रोहू-कटल्याचं बीज त्यांनी पैसे मोजून सोडलेलं असतं. पावसाळ्यात मरळीबरोबर लालसर पिल्लांचा झुबका दिसला तर गळ टाकायचा नाही, हे आप्पांचं शिक्षण. आई-बाप राखण करत असतात. ते गेले की झुबका दोन दिवसांत साफ.

आता वही. आठ महिन्यांत २७ फेऱ्या. बायकोने मांडलेलं असं: सेट ३,३००, तंगूस ३६०, एकदा हौसेने घेतलेली वेणीची दोरी ४२० (ताणत नाही, गुळगुळीत स्पूलवर घसरते, खाली तंगूस द्यावाच लागतो, माझ्या कामाची नाही), गळ-शिसं-फिरकी ६४०, ढेप आणि पीठ ३१०, पेट्रोल १,६२०, चहा-भजी १,०८०. एकूण ७,७३०. बेअरिंग दुकानाच्या खात्यात गेली, ते तिला माहीत नाही. आता कळेल.

जमेला २८ किलो मासा. रोहू-मृगळ १७ किलो १८० च्या भावाने, चिलापी ९ किलो १०० ने, मरळ २ किलो ४०० ने, मिळून ४,७६०. वजा जाता २,९७० तोटा. मी म्हणालो, शेजारी दिलेले मासे धर ना. ती म्हणाली, "दिलेलं जमेत धरत नाही. आणि तेल, काळा मसाला, खोबरं मी कुठं लावलंय?" गप्प बसलो. खरंच लावलं नव्हतं. त्या डिसेंबरच्या रोहूला तिने कांदा-खोबरं चुलीवर भाजून जो रस्सा केला होता, त्याचा भाव कोणी लावायचा हे मात्र मी विचारणार होतो.

पण आकडे नीट बघा. सेट सोडून वरचा खर्च ४,४३०, सेटपेक्षा जास्त. लोक दुकानात रिळाच्या किमतीवर तासभर घासाघीस करतात, आणि पैसा जातो पेट्रोलला, भज्याला, खडकात अडकून तुटणाऱ्या शिशाला. मी आता शिसं विकत घेत नाही, जुने नट-बोल्ट बांधतो. अडकले तर अडकले. डबा घरून नेतो. मार्च महिन्याचा खर्च निम्म्यावर आला, आणि पानावर पहिल्यांदा लाल शाई नाही.

पुन्हा घ्यायचा झाला तर रॉड हाच, डोळे झाकून. रीळ हेच घेईन, पण घरी आणल्या दिवशीच उघडून ग्रीस भरेन. ज्याला उघडता येत नाही त्याने हजारेक रुपये जास्त घालून बरं रीळ घ्यावं, किंवा आप्पांची बाटली. गळ मात्र स्वस्तातला घेऊ नका. दहाच्या पाकिटातले माझे चार मृगळाच्या तोंडात सरळ झाले.

सध्या एप्रिल. ऊन ४३ च्या पुढे, व्होल्टेज पडतंय, मोटारी रांगेने जळून येतायत आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. रॉड तीन रविवार भिंतीला टेकून उभा आहे. काल बायकोनेच विचारलं, या हप्त्यात जाणार नाही का? म्हणून ढेप भिजत घातली. तेवढ्यात फोन आला, उद्या सकाळी सातला साडेसात एचपीची सबमर्सिबल घेऊन येतोय, केळी वाळतेय, उद्याच्या उद्या पाहिजे.