48,258 रुपयांचा स्वल्पविराम

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बावीस वर्षं पतसंस्थेत काढली आहेत. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हा आमच्या काउंटरवरचा कागद मीच चिकटवलाय. आणि ओटीपी मी सांगितलेला नाहीच. तरी 48,258 रुपये गेले.

लेकीचा फोर्टात इंटरव्ह्यू होता. सीएसएमटीपासून चालत जाता येईल अशी खोली एका स्वस्तातल्या साखळी हॉटेलात, त्यांच्याच ॲपवरून घेतली. 1,899 प्रमाणे दोन रात्रींचे 3,798, पैसे हॉटेलवर द्यायचे. इथवर सगळं खरं होतं. अडलं ते चेक-इनवर. खोली दुपारी 12 ला मिळणार आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस आम्हाला सकाळीच उतरवणार. इंटरव्ह्यू अकराला. पोरीने अंघोळ कुठे करायची? लवकर खोली देता का विचारावं म्हणून नेटवर हॉटेलचं नाव टाकलं आणि नकाशावर त्यांच्या फोटोखाली दिसला तो नंबर फिरवला. तिथला नंबर बदलायची सूचना कुणीही सोम्यागोम्या पाठवू शकतो, हे मला नंतर कळलं. नंबर ॲपमधूनच घ्या, बुकिंगच्या मेलमधून घ्या.

पलीकडे आधी संगीत वाजलं, मग अदबशीर आवाज. “सर, अर्ली चेक-इन फक्त प्रीपेड बुकिंगला मिळतं.” क्यूआर आला, 3,798 भरले. नाव कुठल्याशा मोबाईल शॉपीचं दिसलं. मी विचारलं, हे कसं? म्हणे, “आमचा पेमेंट व्हेंडर आहे.” पटलं. आमच्या पतसंस्थेचं लाइट बिलसुद्धा भलत्याच नावाने जातं.

मग म्हणाला, पेमेंट सिस्टिमला लागलं नाही, रिफंड देतो, कोड टाका: 19847. कुठे? तर पेमेंट ॲपमधल्या रकमेच्या चौकटीत. मी आकडे दाबले आणि ॲपने आपणहून मध्ये स्वल्पविराम घातला. 19,847. त्या स्वल्पविरामाकडे मी बघितलं, हे मला आजही आठवतंय. डोळ्यांनी बघितलं. कोडमध्ये कधी स्वल्पविराम असतो का? पुढे रुपयाचं चिन्हही होतं! आयुष्यभर आकडे लिहिणारा माणूस मी, आणि पिन टाकून मोकळा झालो. घरात बॅगा भरणं चाललेलं, गॅसवर कुकर, बायको विचारतेय चार्जर घेतला का, आणि हा कानात “आरामात करा सर, घाई नाही.” तुम्हीही टाकला असता. नसता टाकला तर चांगलंच आहे.

पैसे आले तर नाहीतच, गेल्याचा मेसेज आला. मी ओरडलो. तो माझ्याहून जास्त घाबरल्यासारखा! “सॉरी सर, दोन्ही रकमा एकत्र परत येतील, आता हा कोड टाका.” 24613. गेलेले परत मिळवायच्या नादात तोही टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायलाच. हे मी सभासदांना शंभरदा सांगितलंय.

फोन कट झाल्यावर तासभर मी त्यालाच लावत बसलो. तो तास 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला द्यायचा होता. लावला तेव्हा तक्रार लगेच घेतली, पण तोवर पैसे पुढे सरकले होते. होल्ड झाले, म्हणजे वाटेत रोखता आले, ते फक्त 6,112.

मुंबईहून आल्यावर बँकेत गेलो. साहेबांनी वर न बघता सांगितलं, “पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?” अर्ज घेईनात. पोच मागितली तर शिक्का सापडेना. पोच घेतल्याशिवाय हलू नका, 30 दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पोलीस ठाण्यात त्याहून कहर. पैसे कुठल्या राज्यात गेले ते विचारून म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुमच्या ठाण्यातून पत्र आणा. पत्र मागायला गेलो तर साहेब बंदोबस्तावर. 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हद्दीची सबब चालत नाही म्हणतात. ते कलम मी मोबाईलवर दाखवलं, तर हवालदार म्हणाले, “काका, एवढं वाचता, मग पिन कसा टाकलात?” दोन बाकांवरचे सगळे हसले. तीन हेलपाट्यांत एक कागद मिळाला, त्यात रक्कम 42,858 लिहिलेली! दुरुस्तीसाठी चौथा हेलपाटा. होल्ड झालेल्या 6,112 साठी कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. वकिलाने पाच हजार मागितले.

व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर लिहून ठेवा. रागाच्या भरात कॉल लॉग पुसू नका, मी पुसला.

आणि हॉटेल? सकाळी काउंटरवर पोहोचलो तर बुकिंग जसंच्या तसं, 3,798 बाकी. पुन्हा भरले. लवकर खोलीचे फक्त 500 घेतले. झालेलं सांगितलं तर पोरगा म्हणाला, “सर, या महिन्यात तुम्ही चौथे.” मग एक पाटी लावायला काय होतं रे? तर म्हणे, हेड ऑफिसला कळवलंय.

बायकोला मी चोवीस हजारच सांगितलेत. नकाशावरच्या त्या नंबरबद्दल तीनदा कळवलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं, तुमची सूचना स्वीकारता आली नाही.