एकेक चौकोन करत जगाचा नकाशा: हॉट टास्किंग मॅनेजर वापरून कसं वाटलं

जगात काय चुकतंय आणि ते कसं सुधारायचं यावर प्रत्येकाकडे मत असतंच, आणि ते बहुतेक वेळा "सरकारने असं करायला पाहिजे", "मोठ्या देशांनी तसं करायला पाहिजे" याच वळणावर जातं, म्हणजे करायचं कुणीतरी दुसऱ्यानेच. लोकांना कळकळ नसते असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, कळकळ भरपूर असते, पण संध्याकाळी तासभर मोकळा वेळ आणि साधा लॅपटॉप असलेल्या माणसाने नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. हे अगदी नेमकं सांगणारी एक फुकट सेवा मी बऱ्याच दिवसांपासून वापरतेय, म्हणून हा रिव्ह्यू. नाव हॉट टास्किंग मॅनेजर, सॅटेलाइटच्या फोटोंवरून नकाशा काढायचं काम लोकांना वाटून देणारी वेबसाइट.

आधी मागची गोष्ट थोडक्यात. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जगाचा नकाशा आहे, २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने ब्रिटनमध्ये सुरू केलेला, कुणीही त्यात भर घालू शकतो आणि कुणीही त्यातला डेटा फुकट घेऊन वापरू शकतो. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्टोप्रिन्सचा या नकाशावरचा भाग जवळजवळ कोरा होता. सॅटेलाइट कंपन्यांनी ताजे फोटो खुले केले आणि जगभरातल्या लोकांनी घरबसल्या त्या फोटोंवरून रस्ते, इमारती, लोकांनी टाकलेले तंबू काढायला सुरुवात केली, काही दिवसांत शहराचा इतका तपशीलवार नकाशा झाला की बचाव पथकांनी तोच आपल्या जीपीएसवर चढवून घेतला. त्यात नकाशे बनवणं हाच धंदा असलेले लोक थोडे, बाकी सगळे आपल्यासारखेच. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम, म्हणजेच हॉट, रीतसर संस्था झाली आणि पुढे इतक्या लोकांनी एकाच वेळी एकमेकांच्या पायात न येता काम कसं करायचं यासाठी टास्किंग मॅनेजर आला.

नकाशाने काय होणार असं बरेच जण विचारतात, मला हा प्रश्न आवडतो कारण उत्तर फार ठोस आहे. २०१४ ला गिनीमध्ये इबोला पसरायला लागला तेव्हा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेने गेकेडू भागाचा नकाशा तातडीने मागितला होता. साथीत पेशंट गावाचं नाव सांगतो, त्याच्या संपर्कातली माणसं शोधायला लगेच निघायचं असतं, आणि ते गाव नकाशावरच नसेल तर टीम निघणार कुठल्या दिशेने? लसीकरणाचंही तेच, किती घरं आहेत हे माहीत नसेल तर किती डोस न्यायचे, किती माणसं पाठवायची, सगळाच अंदाज. औषध असतं, गाडी असते, माणसं असतात, आणि तरी काम अडतं ते पलीकडच्या डोंगरामागे वस्ती आहे हेच कुणाला माहीत नसल्यामुळे. २०१४ मध्येच ब्रिटिश आणि अमेरिकन रेड क्रॉस, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि हॉट यांनी मिळून मिसिंग मॅप्स हा उपक्रम सुरू केला तो यासाठीच, की संकट यायच्या आधीच हे भाग नकाशावर आलेले असावेत.

आता प्रत्यक्ष वापर. ओपनस्ट्रीटमॅपचं अकाउंट काढायचं, त्यानेच टास्किंग मॅनेजरला लॉगिन होतं. प्रोजेक्टची यादी येते, कुठे पूर, कुठे मलेरिया, कुठे वादळाच्या आधीची तयारी, प्रत्येकाची तातडी आणि काम किती अवघड तेही लिहिलेलं असतं. एक प्रोजेक्ट उघडला की तो सगळा भाग छोट्या छोट्या चौकोनांत कापलेला दिसतो. एक चौकोन घ्यायचा, तो तुमच्या नावावर लॉक होतो, दोन तासांत तुम्ही काम संपवलं नाही तर आपोआप सुटतो आणि दुसऱ्याला घेता येतो. चौकोनात खूपच दाटी असेल तर तो आणखी तुकड्यांत फोडायची सोय आहे. फोटोवर घराच्या कडेने चार क्लिक करायचे, कीबोर्डवर क्यू दाबला की कोपरे काटकोनात येतात, झोपडी गोल असेल तर ओ दाबायचं, आणि ही इमारत आहे असा टॅग लावायचा. रस्ते काढताना एक गोष्ट जपायची, दोन रस्ते दिसायला चिकटलेले असले तरी नकाशात ते एका बिंदूवर खरोखर जोडलेले पाहिजेत, नाहीतर रूट काढणारं सॉफ्टवेअर तिथे रस्ता तुटला असंच समजतं, आणि अँब्युलन्सला लांबचा वळसा दाखवतं. फोटो तिरका घेतलेला असेल तर छप्पर आणि घराचा पाया यांची जागा वेगळी दिसते, तेव्हा छपराच्या आकाराने काढून पायावर सरकवायचं. आणि दुसऱ्या कुठल्याही नकाशातून बघून उतरवायचं नाही, गूगल मॅप्समधूनसुद्धा नाही, लायसन्सचा प्रश्न येतो आणि तसं केलेलं काम काढून टाकावं लागतं.

मला या सेवेत सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे तपासणी. तुम्ही चौकोन पूर्ण झाला म्हणून मार्क केलं की गोष्ट संपत नाही, दुसरा अनुभवी माणूस तो उघडून बघतो, बरोबर असेल तर पक्का करतो, काही राहिलं असेल तर नेमकं काय राहिलं ते कॉमेंटमध्ये लिहून परत पाठवतो. या कॉमेंट्स बहुतेक वेळा फार प्रेमाने लिहिलेल्या असतात, "हे कोठार वाटतंय, पुढच्या वेळी सावली बघा" अशा. सामान्य माणसांवर मोठी कामं सोपवायची म्हटलं की लगेच म्हणतात लोकांना काय कळतंय, चुका करतील. करतातच की! पण इथे चूक होणार हे धरूनच सगळी रचना केलेली आहे, काम इतकं लहान कापलंय की चूक झाली तरी एका चौकोनापुरती, आणि ती पकडायला माणूस बसलेला आहे. माझं तर ठाम मत झालंय की लोक जगाचे प्रश्न सोडवतील ते असेच, तुकडा हातात घेता येईल एवढा, तपासणारा कुणीतरी, आणि झालेलं काम सगळ्यांसाठी खुलं. सगळ्या प्रश्नांचे असे तुकडे होत नाहीत हे मान्य, युद्ध असं थांबत नाही, पण ज्यांचे होतात त्यांचेसुद्धा आपण अजून किती कमी केलेत!

कमी काय आहे तेही सांगते. सॅटेलाइटचे फोटो काही भागांत जुने असतात, कधी ढग, कधी फोटो खऱ्या जागेपासून थोडा सरकलेला, त्यामुळे सूचनांमध्ये कुठला फोटो वापरायचा ते वाचल्याशिवाय एक रेघसुद्धा काढू नका. फोटो चालण्यासारखाच नसेल तर तसं कळवायचं वेगळं बटन आहे. तपासणारे मेहनती आहेत पण काढणाऱ्यांपेक्षा संख्येने कमी, मोठ्या प्रोजेक्टमध्ये चौकोन पक्का व्हायला वेळ लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरून फोटो बघणाऱ्याला छप्पर दिसतं, शाळा की दवाखाना ते दिसत नाही, वाडीचं नाव तर नाहीच नाही. ते तिथल्याच माणसाला माहीत असतं. नेपाळचं उदाहरण घ्या, काठमांडू लिव्हिंग लॅब्स या तिथल्या संस्थेचे लोक २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाच्या कितीतरी आधीपासून शाळा आणि हॉस्पिटलं फिरून फिरून नकाशावर टाकत होते, म्हणून भूकंपानंतर जगभरातून हजारो लोक मदतीला आले तेव्हा कुठला भाग आधी हवा, काय काढायचं हे सांगायला तिथे जाणती माणसं होती. म्हणून दूर बसून काढणाऱ्यांनी आपण कुणाला वाचवतोय असा आव आणू नये असं मला मनापासून वाटतं, आपण कच्चं काम करून देतो, त्याला अर्थ तिथले लोक देतात.

मोबाइलवाल्यांसाठी मात्र टास्किंग मॅनेजर नाही, बोटाने घराचे कोपरे काढणं म्हणजे डोळ्यांना आणि बोटांना दोघांना त्रास. त्यांच्यासाठी मॅपस्वाइप नावाचं अ‍ॅप आहे, त्यात फोटोचे तुकडे सरकवत जायचं, घर दिसलं की एकदा टॅप, शंका असेल तर दोनदा, फोटो खराब असेल तर तीनदा. एकच तुकडा बऱ्याच जणांना दाखवतात आणि सगळ्यांची उत्तरं जुळवून बघतात, त्यामुळे रिकामं जंगल आधीच गाळलं जातं आणि वस्ती असलेल्या भागाचेच चौकोन नकाशा काढणाऱ्यांकडे येतात. बसमध्ये, रांगेत, कुठेही होतं.

आता एआय घरं ओळखतं मग माणसं कशाला, हेही विचारतात. ओळखतं, आणि मोठ्या कंपन्यांनी असा डेटा खुलाही केलाय, वेळ वाचतो. पण ते मोठ्या खडकाला घर समजतं, झाडाखालचं घर सोडून देतं, एकमेकांना चिकटलेल्या घरांचं एकच लांबडं घर करतं, तेव्हा नजर टाकायला माणूस लागतोच. माझ्या मते कामाचं स्वरूप बदलेल, काम संपणार नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो तपासणीला लागणाऱ्या वेळासाठी. पटकन कंटाळणाऱ्यांना हे जमेलच असं नाही, कारण एका चौकोनात कधी कधी नुसतीच शेतं असतात आणि तरी पूर्ण बघावा लागतो. ज्याला बारीक काम करताना बरं वाटतं, ज्याला बातम्या बघून हात बांधल्यासारखं होतं, त्याने नक्की सुरू करावं. पहिल्यांदा "सोपं" लिहिलेला आणि फक्त इमारती काढायचा प्रोजेक्ट घ्या, तातडीच्या आपत्तीचा घेऊ नका, तिथे सवय असलेली माणसं हवी असतात. माऊस असेल तर माऊसच वापरा, टचपॅडने कोपरे नीट येत नाहीत. आणि शंका आली तर चौकोन अर्धवट ठेवून "पूर्ण नाही" मार्क करून काय राहिलंय ते कॉमेंटमध्ये लिहा, पुढचा माणूस तिथूनच उचलतो.