कॉमेट घ्यावी का टियागो ईव्ही? नोकरी नागपुरात अन् गाव काटोलकडं असलेल्या पोट्ट्यांसाठी

माझ्या भाच्याला हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली, रूम नागपुरात अन् घर काटोलच्या पुढं १२ किलोमीटर, म्हणजे दर शनिवार-रविवारी जाऊन-येऊन दीडशेच्या घरात रनिंग. पेट्रोलचा खर्च पाहून तो म्हणे, मामा, छोटी इलेक्ट्रिकच घेतो. मग आम्ही दोघांनी एमजी कॉमेट अन् टाटा टियागो ईव्हीचा पार कीस काढला.

नुसतं शहरात फिरायचं असलं तर कॉमेटच घ्या भाऊ. लांबी ३ मीटरपेक्षाही कमी, सीताबर्डीच्या गर्दीत जिथं बाकीच्यांची अडकते तिथून ही वळून निघते. बॅटरी १७.३ युनिटची, कंपनी २३० किमी सांगते, पण मे महिन्यात ४५ च्या उन्हात एसी लावून चालवायची तर १६०-१७० च धरा. अन् खरी गोम इथंच आहे, हिला डीसी फास्ट चार्जिंग (रस्त्यावरच्या मोठ्या चार्जरवरचं) नाही, रस्त्यात बॅटरी उतरली की साध्या प्लगवर सात तास बसा. चाकं १२ इंची, आमच्या पांदण रस्त्यावर हाडं खिळखिळी होतात. डिक्की नावालाच, मागची सीट पाडल्याबिगर संत्र्याचा क्रेट ठेवता येत नाही, अन् आई तुरीची डाळ, कांदे दिल्याशिवाय सोडते काय!

बॅटरी भाड्यानं घेतली तर कॉमेट स्वस्त वाटते. २०२४ मध्ये ही स्कीम आली तेव्हा गाडी ४.९९ लाख अन् वरून किलोमीटरमागं अडीच रुपये. भाच्याचं महिन्याचं रनिंग १२०० किमी, म्हणजे ३००० रुपये, लाईट बिल वेगळं. कमी फिरणाऱ्याला परवडते, याला नाही.

टियागोत पाच जण बसतात, २४० लिटरची डिक्की आहे, अन् २४ युनिटच्या बॅटरीवर २०२२ मध्ये गाडी आली तेव्हा कंपनीनं ३१५ किमी सांगितले होते. फास्ट चार्जरवर १० वरून ८० टक्के तासाभरात, म्हणजे चहा-नाश्ता होईस्तोवर. १९.२ युनिटची स्वस्तात येते पण गावी जाणाऱ्यानं तिच्या नादी लागू नका.

गाडी कोणतीही घ्या, आधी घरची अर्थिंग पहा. मित्राची टियागो गावी नेऊन पाहिली तर चार्जरचा लाल दिवा लागला, चार्जिंग सुरूच होईना. वायरमननं अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ टाकून प्लेट पुरली, १५ अँपियरचा वेगळा पॉईंट काढला, तेव्हा कुठं हिरवा लागला. अन् मोठी बॅटरी महिन्यात चार-पाच वेळा फुल केली की तेवढ्यातच शंभर युनिट होतात, महावितरणचा पुढचा स्लॅब लागतो, तोही हिशोबात धरा.

पुण्याच्या कंपनीची छोटी इलेक्ट्रिक वायवे इव्हा २०२५ मध्ये ३.२५ लाखात आली म्हणून पोट्टे विचारतात, पण त्या किमतीत बॅटरी भाड्याची होती, रेंज १२५ किमी, आमचं जाणं-येणं त्यात बसत नाही.

भाच्यानं मोठ्या बॅटरीची टियागो बुक केली. त्याचा रूममेट नागपूरचाच, त्याला मात्र मी कॉमेटच सांगितली.