सुताराकडून पांगुळगाडा करून घेतला, जळगावकरांसाठी रिव्ह्यू (लांबलाय जरा)

ज्यांना नुसता निकाल पाहिजे त्यांच्यासाठी आधीच लिहिते. सुताराकडून करून घेतलेला पांगुळगाडा (मूल दांडा धरून ढकलत चालतं ती तीन चाकांची लाकडी गाडी), पाचपैकी साडेचार. ऑनलाइन मागवलेला 'इको फ्रेंडली' लाकडी सेट, पाचपैकी दीड, आणि तो दीडसुद्धा खोक्याला, कारण मोठ्या मुलाने त्या खोक्याचं गॅरेज केलं आणि ते अजून टिकून आहे.

झालं असं की धाकटी अकरा महिन्यांची झाली, सोफा धरून उभी राहायला लागली आणि घरात लगेच वॉकर आणायची चर्चा सुरू झाली. नणंदबाई म्हणाल्या आमच्याकडचा पडूनच आहे, पाठवून देते, तो प्लास्टिकचा, मधे मूल बसवायचं आणि खाली चाकं असतात तो. आमच्या डॉक्टरांनी मात्र सरळ नाही सांगितलं. त्यात मूल चालायला शिकत नाही म्हणे, नुसतं बोटांवर रेटा देत पळतं आणि जिथे त्याने जायला नको तिथे, म्हणजे जिन्यापाशी, गरम पातेल्यापाशी, दोन सेकंदात पोचतं. कॅनडात तर २००४ पासून असले वॉकर विकायलाच बंदी आहे, हे मी नंतर वाचलं आणि नणंदबाईंना फॉरवर्ड केलं, त्यावरून दोन दिवस अबोला झाला, असो.

मग मी शहाणपणा करून ऑनलाइन सेट मागवला, ढकलगाडी अधिक ठोकळे, चौदाशे नव्व्याण्णव. खोक्यावर हिरवी पानं, ज्यूटच्या दोरीचं चित्र, सगळं कसं छान. आत थर्माकोल, आणि प्रत्येक ठोकळा वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. उघडल्याबरोबर असा वास आला की नवीन कपाट आणल्यावर येतो ना, डोळे चुरचुरतात तसा. अमळनेरहून सासूबाई आलेल्या होत्या, त्यांनी एक ठोकळा हातात घेतला, नखाने खरवडला आणि म्हणाल्या, "हाई ते लाकूडच नही शे." आणि खरंच नव्हतं. एमडीएफ होतं. म्हणजे लाकडाचा भुसा, तंतू आणि डिंक असं दाबून केलेली शीट, आणि तो डिंक बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडचा असतो, डोळ्याला लागतो तो वास त्याचाच. वर्णनात 'वूडन' लिहिलेलं, आता तंतू लाकडाचेच ना, त्यामुळे खोटं बोलले असंही म्हणता येत नाही!

चौथ्या दिवशी धाकटीने एक कोपरा चघळला तर तो चहात बुडवलेल्या टोस्टसारखा फुगला आणि वरचा लाल रंग पापुद्र्यासारखा निघून आला. मी तो सेट तिथेच उचलून माळ्यावर टाकला. रिटर्नची मुदत संपलेली, कस्टमर केअरने पाच रुपयांचं कूपन दिलं, हो, पाच.

इथे एक गोष्ट मलाच आधी माहीत नव्हती म्हणून लिहिते. खोक्यावर आयएसआय मार्क होता. खेळण्यांना तो मार्क १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे सक्तीचा आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सगळ्या खेळण्यांना, आणि तो बघूनच घ्यावा, त्यात वाद नाही. पण तो मार्क सेफ्टीचा आहे, पर्यावरणाचा नाही. 'इको फ्रेंडली' हे शब्द खोक्यावर छापायला कोणाला विचारावं लागत नाही, हे मी चौदाशे नव्व्याण्णव देऊन शिकले.

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सुतार मिस्तरी आहेत, पलंग, चौकटी, लग्नाचे पाट असली कामं करतात, सगळे त्यांना नाना म्हणतात. माझ्या मिस्टरांना लहानपणी पांगुळगाडा होता, तीन चाकांचा, तो सासरी माळ्यावर होता पण एक चाक गायब, तेवढाच नमुना घेऊन आम्ही गेलो. नाना हसले. म्हणे दहा वर्षांत कोणी मागितला नाही, लोक जुनेच आणतात शोपीस करायला, टीव्हीखाली ठेवतात. पण नमुना हातात फिरवून फिरवून बघितला आणि आठ दिवस मागितले, साडेसहाशे रुपये सांगितले, त्यात सागाचे उरलेले तुकडे वापरणार, कोणाच्या तरी चौकटीचे. नवीन लाकूड कापायचंच नाही ही कल्पना मला सगळ्यात आवडली, आणि बघा, हे त्यांनी कुठे छापलं नाही!

रंगावरून मात्र थोडी ओढाताण झाली. नाना म्हणे लाल-पिवळा ऑइलपेंट मारून देतो, पोरांना आवडतो. मी नको म्हणलं. रंगातल्या शिशावर आपल्याकडे नियम आहे, घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाखात ९० भागांपेक्षा) जास्त नको, १ नोव्हेंबर २०१७ पासून, पण नानांच्या शेल्फवरचा डबा नेमका कधीचा होता हे देवाला माहीत, झाकणावर एवढा थर की वरची अक्षरंच दिसत नव्हती. शेवटी ठरलं की नुसतं घासून द्या, मी घरी जवसाचं तेल लावते.

जवसाचं तेल का, तर ते हवेत वाळून कडक होतं, लाकडावर पातळ थर धरतं. शेंगदाण्याचं तेल लावाल तर ते वाळतच नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि महिन्याभरात खवट वास मारतं. मी खायचं, घाण्याचं जवस तेल घेतलं, पेंटच्या दुकानात जे 'बॉइल्ड' म्हणून मिळतं ते घेऊ नका, त्यात लवकर वाळायला धातूचे ड्रायर घातलेले असतात आणि आपलं पोर तर तो दांडा चाटणारच. तीन पातळ हात दिले, प्रत्येकामध्ये दोन-तीन दिवस, वाट बघायची तयारी ठेवा. आणि हो, महत्त्वाचं, तेलाची चिंधी बोळा करून कुठे टाकू नका. जवस तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. आपल्याकडचा मे महिना, त्यात पत्र्याची गॅलरी, विचार करा. मी चिंधी पसरून दोरीवर वाळवली आणि मगच टाकली.

पहिल्या दिवशी गाडा फेल गेला, हे प्रामाणिकपणे सांगते. आमच्याकडे गुळगुळीत टाइल्स, गाडा हलका आणि चाकं एकदम मोकळी, धाकटीने दांडा धरून जोर लावला तर गाडा पुढे पळाला आणि ही मागे फरशीवर तोंडावर. ओठ फुटला थोडा, सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की बस. संध्याकाळी तसाच गाडा घेऊन नानांकडे गेले. त्यांनी काही विचारलं नाही, सायकलची जुनी ट्यूब घेतली, आडव्या बांगड्यांसारख्या पट्ट्या कापल्या आणि तिन्ही चाकांवर ताणून चढवल्या, मग आसावर मेणबत्ती घासतात ना गुळगुळीत करायला, ती न घासता उलट मागच्या दोन चाकांना चामड्याची एकेक चकती घालून ती घट्ट केली. पुढचं मोकळं ठेवलं. दहा मिनिटं. पैसे घेतले नाहीत. आता गाडा ढकलला तर चालतो, सोडला तर थांबतो, आवाजही नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंची पण तक्रार गेली. टाइल्सवर काळे पट्टे उमटतात, ते पुसावे लागतात, चालायचंच.

तीन आठवड्यांत ती गाडा सोडून चालायला लागली. गाड्यामुळेच की वय झालं म्हणून, मला नाही सांगता येणार.

चन्नपट्टणचा (कर्नाटकातलं लाकडी खेळण्यांचं गाव) खुळखुळा आणि रिंगांचा मनोरा पण आहे आमच्याकडे, मैत्रिणीने बेंगळुरूहून आणलेला, त्याबद्दल दोन ओळी. वस्तू एक नंबर. ते लाकूड म्हणजे आपला काळा कुडा, लेथवर फिरवत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाने लाख वितळून लाकडावर बसते, त्यामुळे पापुद्रे निघायचा प्रश्न येत नाही, सहा महिने चघळून सुद्धा रंग आहे तसा. फक्त लाख शेवटी लाख आहे. मे महिन्यात गोलाणी मार्केटला गाडी उन्हात लावून गेलो, मनोरा डॅशबोर्डवर राहिला, परत आलो तर रिंगा चिकट झालेल्या आणि टॉवेलचे धागे त्यात रुतलेले. बेंगळुरूच्या हवेत हा प्रॉब्लेम कोणाला येत नसेल, जळगाव-भुसावळवाल्यांनी मात्र लक्षात ठेवा. आणखी एक, काहीही घ्या, तीन वर्षांखालच्या पोराला देण्याआधी सुटे भाग बघा, साधारण सव्वा इंच व्यासाच्या नळकांड्यात जो तुकडा मावतो तो घशात अडकू शकतो. नानांच्या गाड्याच्या खुंट्या मी एकेक ओढून बघितल्या, एक हलत होती, ती डिंक लावून पक्की करून घेतली.

मोठ्याचं वेगळंच. तो सहा वर्षांचा, त्याला गाडा कशाला पाहिजे. फेब्रुवारीत सासरी गेलो तेव्हा दादर (रब्बी ज्वारी) काढून झालेली, शेतात तिची ताटं पडलेली, आप्पांनी त्याला बसवून चिपाडाची बैलगाडी करून दिली. ताटाचं साल सोलून काड्या करायच्या, आतलं पांढरं भेंड कापून तुकडे करायचे, आणि काड्या भेंडात खुपसत जायचं, ना डिंक ना खिळा, जूसुद्धा केलं, आणि बाभळीच्या काट्याने चाक अडकवलं. खर्च शून्य. पण साल ब्लेडसारखं असतं बरं का, मोठ्याचं बोट कापलंच, मोठं माणूस बाजूला पाहिजे. दोन दिवस ती गाडी अख्ख्या गल्लीत फिरली, तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर शेळीने दोन्ही चाकं आणि अर्धा बैल खाल्लेला. इतकं भोकाड पसरलं त्याने की आप्पांना दुपारी दुसरी करावी लागली. पर्यावरणपूरक म्हणजे याच्यापुढे काय अजून!

साडेचारच का, पाच का नाही, तर नानांकडे आयएसआय वगैरे काही नाही. हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना आणि जीआयवाल्या (भौगोलिक मानांकनाच्या) वस्तूंना त्या मार्कातून सूट आहे, नाना दोन्हीत बसत नाहीत, त्यामुळे लाकडाच्या कुसा, खुंट्या, कडा हे सगळं तुम्हालाच बोट फिरवून तपासावं लागेल. आमच्या दांड्याच्या खालच्या बाजूला एक कूस राहिली होती, ती मला लागली, पोरीला नाही, नशीब. शिवाय उन्हाळ्यात लाकूड वाळून चाकं ढिली होतात आणि पावसाळ्यात फुगून आवळतात, दोन्ही वेळा चक्कर मारावी लागली.

जाणार असाल तर लगीनसराईत जाऊ नका, तेव्हा ते पलंग सोडून कशाला हात लावत नाहीत. आणि 'पॉलिश नको' हे दोनदा सांगा, एकदा सांगून ते सवयीने मारूनच टाकतात. गेल्या आठवड्यात मोठा स्वतः जाऊन भोवरा सांगून आलाय, बाभळीचा पाहिजे म्हणे, मी विचारलं आरी, म्हणजे खालचा खिळा, बसवलीत का, तर नाना म्हणाले, ती त्याच्या बापाने बसवायची.