अनुवादकाच्या मेजावरचा फ्रेंच महाकोश

फ्रेंच साहित्य शिकवणे, त्याचा अनुवाद करणे आणि नवशिक्यांना भाषा शिकवणे ही तिन्ही कामे पदरी असलेल्या माणसाला एक कोश कधीच पुरत नाही. तरीही पहिल्या दोन कामांत ज्याच्यावाचून माझे पान हलत नाही, तो म्हणजे ‘त्रेझोर द ला लांग फ्रांसेझ’, अर्थात ‘फ्रेंच भाषेचा खजिना’. 1971 ते 1994 या काळात त्याचे 16 खंड निघाले आणि आज फ्रान्समधील नान्सी येथल्या भाषासंशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर तो संपूर्ण कोश विनामूल्य वाचता येतो. सुमारे 1 लाख शब्द, 2 लाख 70 हजार व्याख्या आणि 4 लाख 30 हजार अवतरणे असा त्याचा पसारा आहे.

अनुवादकाला खरे मोल आहे ते या अवतरणांचे. व्याख्या कोणत्याही चांगल्या कोशात सापडते. पण बाल्झाक, फ्लोबेर किंवा प्रूस्त यांसारख्या कादंबरीकारांनी एखादा शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी बसवला, तो भारदस्त होता की बाजारी, हे इथे नोंदीतच दिसते. अनेकदा नेमका मराठी प्रतिशब्द व्याख्येतून नव्हे, तर अशी चार वाक्ये ओळीने वाचताना सुचतो.

नोंदीच्या शेवटी येणारा व्युत्पत्तीचा भाग मात्र घाईत वगळला जातो, आणि तिथेच चुका होतात. ‘आँन्वी’ या शब्दाचा आजचा अर्थ कंटाळा. सतराव्या शतकात तोच शब्द जिवाची तगमग, असह्य यातना यांसाठी वापरला जाई. त्या शतकातला नाटककार रासीन याच्या पात्राच्या तोंडी ‘कंटाळा’ घातला, तर शोकांतिकेचे प्रहसन व्हायला वेळ लागणार नाही. अर्थात या कोशाचा मुख्य भर एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील भाषेवर असल्याने जुने अर्थ त्यात थोडक्यातच येतात. अभिजात नाटकांसाठी एकोणिसाव्या शतकातला लित्रेचा फ्रेंच कोश शेजारी उघडा ठेवावाच लागतो.

दुसरी मर्यादा काळाची आहे. पहिला खंड निघाला तेव्हा लावलेला ‘जुनाट’ किंवा ‘बोलीतला’ हा शिक्का आजही तसाच आहे, त्यामुळे समकालीन कादंबरीसाठी त्यावर विसंबता येत नाही. ई-मेलसाठी रूढ झालेला ‘कुरिएल’ हा शब्द इथे शोधण्यात अर्थ नाही.

भाषेच्या वर्गाविषयी बोलायचे, तर नवशिक्यांच्या हाती हा कोश देऊ नये. स्पष्टीकरणे सगळी फ्रेंचमध्येच, संक्षेप असंख्य, आणि ‘फॅर’ (करणे) किंवा ‘प्राँद्र’ (घेणे) यांसारख्या रोजच्या क्रियापदांच्या नोंदी इतक्या लांबलचक की विद्यार्थी पहिला दिसेल तो अर्थ उचलून मोकळा होतो. म्हणून सुरुवातीच्या वर्गांत मी त्याचे नावही काढत नाही. विद्यार्थ्यांना पहिली कथा अनुवादासाठी देतो, त्या दिवशी एकच नोंद उघडून ती वरपासून खालपर्यंत त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतो.