संरक्षणाची ओळ पानाच्या तळाशी

आमच्या विद्यापीठाच्या तक्रार निवारण कक्षाची सेवा मी गेल्या सत्रात साक्षीदार म्हणून वापरली. वसतिगृहातल्या माझ्या मैत्रिणीला तिच्या मित्राने मारहाण केली, तेव्हा आम्ही दोघी फाटक बंद होण्याची वेळ उलटूनही बाहेर होतो आणि दोघींनीही बिअर घेतली होती. त्याच्याविरुद्ध तक्रार करायची तर आधी स्वतःचे दोन नियमभंग कबूल करावे लागणार, या घोळात तीन दिवस गेले आणि तोवर तिच्या दंडावरचे काळेनिळे वळ पिवळे पडू लागले होते.

कक्षाचा ऑनलाइन अर्ज सुटसुटीत आहे. समुपदेशक त्याच संध्याकाळी भेटल्या आणि मैत्रिणीला खोलीही बदलून मिळाली. खोट आहे ती अर्जाच्या मांडणीत. 'घटनेच्या वेळी आपण मद्यपान केले होते का?' हा प्रश्न सुरुवातीलाच येतो, पण त्या उत्तरावरून शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, हे अर्ज सादर केल्यानंतर उघडणाऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सांगितले जाते. ज्याला ते वाचून धीर आला असता, तो बहुधा त्या प्रश्नापाशीच अर्ज बंद करून टाकतो.

शिवाय हे आश्वासन मद्यपानापुरतेच निघाले. नऊ दिवसांनी वसतिगृह कार्यालयाने उशिरा परतल्याबद्दल मला 'कारणे दाखवा' नोटीस बजावली आणि तिच्यातली वेळ माझ्याच जबाबातून उचललेली होती! कक्षाने ती मागे घ्यायला लावली खरी, पण दोन अर्ज केल्यावर. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याचा २०१५ चा कायदाही दारू आणि अमली पदार्थांच्या नियमांपुरतेच अभय देतो. कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या कायद्याने मात्र तक्रारदार आणि साक्षीदार या दोघांनाही घटनेच्या सुमारास झालेल्या नियमभंगाच्या शिक्षेतून वगळले आहे. इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणारे वर्तन किंवा परीक्षेतील गैरप्रकार अशा गंभीर बाबी तेवढ्या अपवाद ठरतात. आमच्या नियमावलीला याच धर्तीच्या तरतुदीची गरज आहे, आणि तिला 'माफी' म्हणू नये, कारण मार खाल्लेल्या मुलीने माफी कशाची मागायची?

सेवेला पाचपैकी तीन गुण. सध्या तक्रार करू पाहणाऱ्यांनी जबाब देण्यापूर्वी, हे संरक्षण नेमक्या कोणत्या नियमांना लागू आहे आणि जबाब कोणाकोणाच्या हाती जाणार आहे, हे कक्षाकडून लेखी मागून घ्यावे.