टीव्हीला पाय लावायचा की मिनी पीसी?

आमच्या सहकारनगरच्या घरात दोन टीव्ही आहेत आणि दोघांच्या मागे दोन वेगळे डबे. हॉलमध्ये रास्पबेरी पाय ४ (एकाच बोर्डावरचा तळहाताएवढा कॉम्प्युटर, थोडक्यात ‘पाय’), आतल्या खोलीत इंटेल एन १०० प्रोसेसरचा मिनी पीसी. ‘टीव्हीला पाय लावलाय’ हे ऐकून आईने आधी कपाळाला हात लावला होता. आता कोणी ‘यातला कुठला घेऊ?’ म्हणालं की मी उलट विचारतो: बघायचं काय आहे, आणि रिमोट कोणाच्या हातात असणार?

नुसतं ओटीटी आणि यूट्यूब बघायचं असेल तर दोन्ही नकोत, सरळ स्ट्रीमिंग स्टिक घ्या. चांगल्या दर्जाचं चित्र सोडण्याआधी ओटीटीवाले यंत्राला वाइडवाइन एल१ ही सुरक्षापातळी आहे का ते बघतात. नावाजलेल्या स्टिकला ती असते. पायवरच्या लिनक्सला एल३ या खालच्या पातळीवर भागवावं लागतं. तिथे ४के विसरा, फुल एचडीचीही खात्री नाही. मिनी पीसीवर विंडोज असेल तर त्यातल्या त्यात बरं, पण तेही ब्राउझरवर अवलंबून.

खरी निवड करावी लागते ती घरचा साठा बघायचा असेल तर. आमच्याकडे माझ्या मुंजीची डीव्हीडी, हँडीकॅमच्या फायली, कोकणातल्या गणपतीचे फोनवरचे व्हिडिओ असं सगळं एका हार्ड डिस्कवर आहे. इथे पायची बाजू भक्कम. पायच्या एसडी कार्डावर लिब्रइलेक ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की चालू करताच थेट कोडी हा व्हिडिओ प्लेअर समोर येतो, आणि मुख्य म्हणजे टीव्हीचाच रिमोट चालतो. बटणांचे इशारे एचडीएमआय केबलमधूनच पायपर्यंत पोचतात. या सोयीला सीईसी म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती वेगळ्याच नावाने दडलेली असते: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. पाय ४ ला एचडीएमआयची दोन तोंडं आहेत. केबल लावायची ती पॉवरच्या पिनेलगतच्या तोंडात. मी दुसऱ्यात खुपसली आणि अर्धा रविवार रिमोटचे सेल बदलण्यात घालवला.

मिनी पीसीत सीईसी बहुधा नसतंच. सीईसीसाठी यूएसबीचा वेगळा अडॅप्टर घ्या, नाहीतर एअर माउस, म्हणजे हवेत हलवून बाण फिरवायचा रिमोट. एअर माउस मी बाबांच्या हातात देऊन बघितला. बाण पडद्यावर माशीसारखा घोंघावला आणि दोन मिनिटांत बाबा म्हणाले, “तूच लाव रे काय ते.” हॉलमध्ये पाय राहिला तो त्या दिवसापासून.

मग मिनी पीसी कशाला? ४के फायलींसाठी. व्हिडिओ दाबून छोटा करायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. पाय ४ ची ४के क्षमता त्यातल्या फक्त एचईव्हीसी फायलींपुरती आहे, जुनी एच.२६४ असेल तर मजल १०८०पी म्हणजे फुल एचडीपर्यंतच. बहिणीच्या फोनमधले ४के व्हिडिओ नेमके एच.२६४ चे, त्यामुळे चित्र अडखळायचं. २०२३ च्या पाय ५ मधून तर एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर, म्हणजे अशा फायली उलगडणारा चिपमधला खास भाग, काढूनच टाकलाय. १०८०पी त्याचा प्रोसेसर रेटून नेतो, ४केला धाप लागते. म्हणजे नवा म्हणून पाय ५ च घ्यावा असं या कामापुरतं तरी नाही. एन १०० ला एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ सगळं पचतं, आणि शिवाय तो पूर्ण कॉम्प्युटर आहे. भाची सुट्टीत आली की त्यावरच तिचा प्रोजेक्ट होतो.

विजेचा हिशोब फार ताणू नका. चोवीस तास १० वॅट ओढले तरी महिन्याचे ७.२ युनिट होतात.

वीज जाण्याचा विचार मात्र करा. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी गेली आणि परत आल्यावर पाय उठेचना. एसडी कार्ड बिघडलं होतं. फायली हार्ड डिस्कवर म्हणून मुंज वाचली. आता कार्डाची एक प्रत करून ठेवलीय, पुन्हा तसं झालं तर वीस मिनिटांत काम होतं. मिनी पीसीत एसएसडी, त्याला अजून असा फटका बसलेला नाही.

कपाटात एचडीएमआयवाला जुना लॅपटॉप असेल तर महिनाभर आधी तोच जोडून बघा. पोर्ट एचडीएमआय १.४ चं असेल तर ४के सेकंदाला ३० फ्रेम्सच मिळतील, पण घरात कोण काय बघतं हे फुकटात कळेल.

पाय ठरलाच तर नुसत्या बोर्डाच्या किमतीवर जाऊ नका. केस, ५ व्होल्ट ३ अँपियरचा अडॅप्टर, कार्ड आणि केबल धरून बेरीज करा. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, केबल मागताना ‘मायक्रो एचडीएमआय’ असं स्पष्ट म्हणा. ‘मिनी’ म्हणालात तर तीही मिळते, पण ती बसत नाही, आणि बुधवार पेठेत पुन्हा पार्किंग शोधत बसावं लागतं.